पिवळा पालक, हिरवी चवळी: कोथरूडच्या एका गच्चीचं प्रकरण

श्रावण लागायला आठवडा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच थांबवलं आणि हातातली पालकाची दोन रोपं पुढे केली. "तू जिवाणूंचंच शिकवतोस ना रे? मग सांग, सात बाटल्या ओतल्या तरी हे असं का?"

रोपं वीतभरही नव्हती. खालची पानं पिकल्या लिंबासारखी पिवळी, मधली फिकट, शेंड्याची दोन पानं तेवढी हिरवट. मुळं मात्र भरपूर, पांढरीशुभ्र, निरोगी. बाटल्या होत्या अझोटोबॅक्टरच्या. हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पकडून पिकाला देणारे जिवाणू, अशी त्यांची ओळख काकूंना कुणीतरी करून दिली होती. ती ओळख चुकीची नाही, पण तिच्यातला एक शब्द फसवा आहे. तो शब्द पुरता उमगायला आम्हाला सहा महिने लागले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

गच्चीवर विटांचे तीन वाफे आहेत, प्रत्येकी साधारण एक चौरस मीटर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पडलेला पालापाचोळा काकूंनी गोळा केला होता: आंबा, जांभूळ, बदाम आणि कुंपणालगतचा अशोक. जाड, चिवट पानं सगळी. तिन्ही वाफ्यांत मिळून अंदाजे ४० किलो. त्यावर थोडं कोकोपीट आणि सर्वांत वर सासवडजवळच्या भावाच्या शेतातून आणलेली चार बोटं काळी माती. शेणखत नाही, कारण ते गच्चीवर चढवणं जमलं नाही. एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी २५० मिलिलिटरची एक बाटली बादलीभर पाण्यात मिसळून तिन्ही वाफ्यांना. जूनअखेर पालक, मिरची आणि तिसऱ्या वाफ्याच्या कडेला चवळी पेरली. जुलैच्या पावसात पालक पिवळा पडला. काकूंनी लोह कमी असेल म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केली, त्यानं काही झालं नाही.

होणारही नव्हतं. लोह कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे उलट होतं. म्हातारी पानं आधी पिवळी, तीही सबंध. नत्र झाडाला आतल्या आत हलवता येतं. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. घरात धान्य कमी पडलं की थोरली माणसं आपल्या पानातलं लेकरांना वाढतात, तसं.

मी वर गेलो तेव्हा पहिली नजर चवळीवर पडली. त्याच वाफ्यात, त्याच मातीत, त्याच पाण्यावर ती काळपट हिरवी, तरारून उभी होती. एक रोप हळूच उपटलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. नखानं एक गाठ फोडली, आत गुलाबी रंग. चवळीच्या गाठीतले रायझोबियम गटाचे जिवाणू सासवडच्या मातीबरोबर फुकट आले होते आणि कामाला लागले होते. म्हणजे वाफ्यात पाणी, स्फुरद, पालाश, लोह, कशाचीच मोठी अडचण नव्हती. ज्या झाडाकडे नत्राची स्वतःची सोय होती, ते मजेत होतं. ज्याच्याकडे नव्हती, ते उपाशी होतं.

तरी खात्री हवी होती. मी म्हटलं, पहिल्या वाफ्यातल्या एका कोपऱ्याला पाच लिटर पाण्यात एक चमचा युरिया देऊन बघू.

"युरिया माझ्या बागेत नाही," काकूंनी ठाम सांगितलं.

"औषध म्हणून नको, काकू. निदान म्हणून. एकच कोपरा, एकच वेळ."

त्या तयार झाल्या. आठव्या दिवशी तो कोपरा लांबूनही ओळखू येत होता. दुखणं नत्राचंच होतं.

आता खरा प्रश्न. तीन महिने नत्र पकडणारे जिवाणू ओतलेल्या वाफ्यात नत्राचा दुष्काळ कसा?

माझा पहिला अंदाज सरळ होता, बाटली मेलेली असणार. काकू बाटल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत होत्या. पुण्याचा एप्रिल-मे आणि पत्र्याची पेटी, आत काय झालं असेल ते सांगायला नको. एक उरलेली बाटली पेटीत होती, एक स्वयंपाकघरातल्या फडताळात. दोन्ही कॉलेजात नेल्या आणि नत्र नसलेल्या, फक्त साखर आणि क्षार असलेल्या जेन्सनच्या माध्यमावर वाढवून मोजल्या. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. फडताळातली बाटली त्या आकड्याच्या आसपास होती. पेटीतल्या बाटलीत त्याच्या हजाराव्या हिश्शाइतक्याही पेशी जिवंत नव्हत्या.

मी खूश झालो. कारण सापडलं असं वाटलं आणि तसं काकूंना सांगितलंही. काकूंनी विचारलं, "पण पहिल्या दोन बाटल्या तर मी आणल्या त्याच दिवशी ओतल्या होत्या. आणि पाण्याची बादलीही आदल्या रात्री भरून ठेवायचे, क्लोरीन उडून जावं म्हणून. ते जिवाणू कुठे गेले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते शोधायला आम्ही बशीची चाचणी केली. ही जुनी पद्धत आहे, रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांची. मला ती फार आवडते, कारण तिला ना सूक्ष्मदर्शक लागतो ना निर्जंतुक खोली. पन्नास ग्रॅम चाळलेली माती, एक ग्रॅम साखर, एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची पूड. पाणी घालून थालीपीठाच्या पिठासारखं मळायचं, बशीत थापायचं, ओल्या चमच्याच्या पाठीनं वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत करायचा. दुसरी बशी झाकण म्हणून, आणि उबदार फडताळात ठेवून द्यायचं. तर्क असा: साखर मुबलक दिली, पण नत्र दिलं नाही. मातीत होतं नव्हतं तेवढं नत्र इतर जिवाणू पटकन संपवतात आणि थांबतात. त्यानंतर साखरेवर वाढू शकतो तो फक्त हवेतून नत्र घेऊ शकणारा. कॅल्शियम कार्बोनेट यासाठी की साखर आंबली की आम्ल होतं आणि अझोटोबॅक्टरला आंबटपणा सोसत नाही. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप असलेला पीएच, सहाच्या खाली गेला की तो सहसा नाहीसाच होतो.

काकूंनी दोन बश्या लावल्या. एकीत भावाच्या शेतातली माती, थेट पोत्याच्या तळातली, कधी काहीही न ओतलेली. दुसरीत पहिल्या वाफ्यातली, पाच पेटीतल्या आणि दोन अगदी ताज्या, अशा सातही बाटल्या पचवलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "अरे, शेतातल्या मातीवर साबुदाणा उगवलाय."

अगदी तसंच दिसत होतं. भिजलेल्या साबुदाण्यासारखे चकचकीत, बुळबुळीत, अर्धपारदर्शक थेंब. बशीभर. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यातले बरेच तपकिरी होत गेले, शेवटी जवळजवळ काळे. हा रंग अझोटोबॅक्टर क्रोओकॉकमचा. १९०१ साली हॉलंडमध्ये डेल्फ्ट इथे मार्टिनस बायरिंक यांनी मातीतून वेगळा केला तोच हा जिवाणू. एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला. मोठ्या, लंबगोल, जोडीजोडीनं बसलेल्या पेशी, भोवती डिंकासारखं जाड आवरण. बाकीच्या जिवाणूंपुढे या पेशी हत्तीसारख्या वाटतात.

वाफ्यातल्या मातीच्या बशीत असे थेंब होते सात.

ती बशी मी बराच वेळ बघत बसलो. ज्या मातीत काही ओतलं नव्हतं तिथे जिवाणू गच्च होते. जिथे तीन महिने ओतले तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि वाफ्यातली माती म्हणजे मुळात त्याच पोत्यातली. म्हणजे ओतलेले तर टिकले नव्हतेच, आधी होते तेही कमी झाले होते. गुळगुळीत माती, नत्र नाही, साखर भरपूर, इतकं मिळालं की हे जिवाणू कुठूनही उभे राहतात. तेव्हा बाटलीपेक्षा वाफ्यातली परिस्थिती तपासायला हवी होती.

इथे थोडं थांबून हा जिवाणू काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा हिशेब पटणार नाही. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं बांधलेले असतात. तो बंध तोडायला खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शे-दोनशे पट दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज नावाच्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं. त्यात दोन प्रथिनं असतात. एकात लोह, दुसऱ्यात लोह आणि मॉलिब्डेनम. पहिलं दुसऱ्याला एकेक इलेक्ट्रॉन पोहोचवत राहतं. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जेचं चलन असलेल्या रेणूचे, किमान १६ रेणू आणि आठ इलेक्ट्रॉन लागतात. पेशीच्या जमाखर्चात हे अतिशय महाग काम आहे.

त्यातून हे विकर ऑक्सिजन लागला की कायमचं नासतं. आणि अझोटोबॅक्टरला जगायला ऑक्सिजन हवाच! या पेचातून त्यानं काढलेली वाट मला दर वर्षी वर्गात सांगताना नवी वाटते. तो इतक्या वेगानं श्वसन करतो की ऑक्सिजन पेशीत शिरताच जळून जातो. श्वसनाचा त्याचा वेग सजीवांमध्ये सर्वांत जास्त वेगांपैकी एक मानला जातो. अचानक हवा वाढलीच, तर एक छोटं लोहयुक्त प्रथिन नायट्रोजिनेजला मिठी मारतं. काम थांबतं, पण विकर वाचतं. त्या प्रथिनाला शेठना प्रथिन म्हणतात, १९६० च्या दशकात ते शोधणाऱ्या शेठना या संशोधकाच्या नावावरून.

पण एवढं श्वसन म्हणजे तेवढी साखर फक्त दार राखण्यासाठी जाळायची. म्हणूनच हा जिवाणू एक ग्रॅम साखर खातो तेव्हा नत्र बांधतो ते साधारण १० ते २० मिलिग्रॅम. जिवाणू खतासाठी निवडलेल्या वाणाकडूनही ग्रॅममागे किमान १० मिलिग्रॅमचीच अपेक्षा ठेवलेली असते.

आणि तेही तो आपल्यासाठी बांधत नाही. इथेच तो फसवा शब्द आहे, "देणारे". अमोनिया तयार होताच पेशी तो स्वतःच्या प्रथिनांत घालते. बाहेर सांडत नाही. पालकाला त्यातलं मिळतं ते जिवाणू मेल्यावर, किंवा मातीतल्या एकपेशीय प्राण्यांनी आणि सूत्रकृमींनी त्याला खाऊन उरलेलं टाकल्यावर. चवळीच्या गाठीतला करार वेगळा आहे. तिथे झाड जिवाणूला साखर थेट घरपोच देतं, ऑक्सिजनचा बंदोबस्तही तेच करतं, गाठीतला गुलाबी रंग त्याच कामातल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, आणि बदल्यात अमोनिया लगेच उचलतं. मातीत मोकळा राहणारा अझोटोबॅक्टर कुणाशी असा बांधलेला नाही.

हे सगळं मी वर्गात अनेक वर्षं शिकवत आलो आहे. तरीही वाफ्यातल्या पाल्याचा हिशेब करायचं मला बशीतले ते सात थेंब बघेपर्यंत सुचलं नव्हतं, याची मनापासून खंत वाटते. कारण तो हिशेब वहीच्या अर्ध्या पानात मावतो.

सुका पाला ४० किलो. त्यात कर्ब, म्हणजे कार्बन, साधारण ४५ टक्के, म्हणजे १८ किलो. अशा पाल्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर पन्नासाला एक धरलं, तर नत्र ३६० ग्रॅम. पाला कुजवणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना कुजण्याचं काम सुरळीत चालायला हे गुणोत्तर पंचविसाला एकच्या आसपास लागतं. म्हणजे १८ किलो कर्बाला ७२० ग्रॅम नत्र हवं. तूट ३६० ग्रॅमची. ही तूट ते कुठून भरतात? वरच्या चार बोटं काळ्या मातीतून. पालकाची मुळं आणि कुजवणारे जिवाणू एकाच ताटात जेवत होते, आणि त्या जिवाणूंचा हात फार चपळ असतो. त्यात जुलैच्या पावसानं वाफ्याच्या भोकांतून चहासारखं पाणी वाहत होतं. विरघळलेलं थोडंफार नत्र त्यातून गेलं असणार.

आता बाटल्यांच्या बाजूचा हिशेब. मिलिलिटरला १० कोटी पेशी धरल्या तरी सातही बाटल्यांतल्या सगळ्या पेशींच्या अंगातलं नत्र मिळून पन्नास मिलिग्रॅमही भरत नाही. चिमूटभर युरियात त्याहून जास्त असतं. म्हणजे बाटली हे खत नव्हे, ते विरजण आहे. मग या विरजणानं ३६० ग्रॅमची तूट भरायची तर? ग्रॅम साखरेमागे १० मिलिग्रॅम या दरानं ३६ किलो साखर लागेल. जवळजवळ पाल्याच्या वजनाइतकी साखर!

काकूंनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दुधाशिवाय विरजण लावत होते."

पाल्यात कर्ब आहे, मग तो अझोटोबॅक्टरला का चालत नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी योग्य होता. पाल्यातला कर्ब असतो काष्ठतंतूंत आणि त्यांना चिवटपणा देणाऱ्या लिग्निनमध्ये. अझोटोबॅक्टरला ते फोडता येत नाही. बुरशी आणि तंतू फोडणारे दुसरे जिवाणू आधी त्याची साखर करतात, आणि त्यांच्या पंगतीतून उरेल तेवढी याच्या वाट्याला. आंबा-अशोकाच्या चिवट पानांतून ती थेंबाथेंबानं सुटते.

मोकळ्या जिवाणूंकडून शेतात वर्षाला हेक्टरी काही किलो ते फार तर वीसेक किलो नत्र मिळतं. मधला आकडा १० किलो धरू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला एक ग्रॅम, आणि काकूंच्या तिन्ही वाफ्यांना मिळून वर्षाला तीन ग्रॅम. पाव किलोच्या पालकाच्या जुडीत सव्वा ग्रॅमच्या आसपास नत्र असतं. सगळं पालकालाच मिळालं असं मानलं तरी वर्षभराची ही कमाई दोन-अडीच जुड्यांची.

हा आकडा लहान आहे म्हणून तो तुच्छ आहे असं मला अजिबात वाटत नाही. जंगलात, माळरानावर, जिथे कुणी काही टाकत नाही तिथे शतकानुशतकं हेच साचत जातं. पण तीन महिन्यांत पालक काढायचा असेल तर त्याच्या भरवशावर बसणं हा त्या जिवाणूवरही अन्याय आहे.

सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात अझोटोबॅक्टिरिन या नावानं हा जिवाणू फार मोठ्या क्षेत्रावर वापरला गेला होता. नंतर त्या प्रयोगांची छाननी झाली तेव्हा फायदा थोडा आणि बेभरवशाचा दिसला. आणि जिथे पीक सुधारलं तिथेही बरंचसं श्रेय जिवाणू सोडत असलेल्या वाढ-संप्रेरकांकडे जातं, असं अनेक अभ्यासकांचं मत पडलं. बियाण्याला चोळलं की उगवण आणि मुळांची वाढ सुधारते असा अनुभव आपल्याकडेही शेतकरी सांगतात. काकूंच्या पालकाची मुळं इतकी भरघोस कशी, यालाही थोडा हातभार त्याचा असेल का? असेलही. पण नत्राला भुकेलेलं झाडही मुळंच वाढवतं, त्यामुळे इथे मी त्याला श्रेय देणार नाही.

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही तिन्ही वाफे वेगवेगळे हाताळायचं ठरवलं.

पहिल्या वाफ्याला शेंगदाण्याची पेंड. तिच्यात नत्र सातेक टक्के असतं. एका वाफ्याच्या वाट्याची तूट १२० ग्रॅम, म्हणजे पेंड पावणेदोन किलो लागेल. पण ही तूट एका दिवसात मागितली जात नाही. पाल्यातला पुष्कळ कर्ब कुजताना वायू होऊन उडून जातो, तूट आपोआपही कमी होत जाते. म्हणून अर्धा अर्धा किलो, रात्रभर भिजवून, तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा.

दुसरा वाफा काकूंनी आपल्याकडे ठेवला. "दूध नाही म्हणालास ना? मी दूध घालते." शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून जिवाणू खताचं ताजं पाकीट आणलं, ते सावलीत ठेवलं, एकदा दिलं. आणि सहा आठवडे दर आठवड्याला शंभर ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून. मी हो म्हणालो, कारण मलाही बघायचं होतं.

तिसऱ्या वाफ्यात सगळीकडे चवळी.

पेंडीच्या वाफ्यानं पहिले दहा दिवस वासानं छळलं आणि मग झपाट्यानं रंग बदलला. सप्टेंबरअखेर तिथला पालक खुडायला आला. याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, नत्र दिलं आणि पालक वाढला.

गुळाचा वाफा मात्र बघण्यासारखा होता. तिसऱ्या आठवड्यात तिथला पालक आधीपेक्षाही पिवळा झाला. मातीच्या वरच्या थरात बुळबुळीत साय आली, तळाच्या भोकाशी खवट लोण्यासारखा वास. काकू हवालदिल झाल्या. मला तो वास ओळखीचा वाटला. तळाला पाणी साचून हवा संपली होती, आणि गुळावर तिथे ब्युटिरिक आंबवण चालू होतं. विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या दशकात हवेशिवाय नत्र बांधणारा पहिला मोकळा जिवाणू शोधला, क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम, तो याच प्रकारचं आंबवण करतो. तोच तिथे होता असा दावा मी करत नाही. ते सिद्ध करायला बरंच काम लागलं असतं. आम्ही भोकं मोकळी केली, वास गेला.

पालक पिवळा का झाला ते सरळ आहे. गूळ एकट्या अझोटोबॅक्टरच्या ताटात पडत नाही. मातीतल्या प्रत्येक जिवाणूला तो आवडतो. गूळ खाऊन सगळे वाढले आणि वाढताना उरलंसुरलं नत्रही त्यांनी उचललं. सहाशे ग्रॅम गुळाचा कणन् कण अझोटोबॅक्टरनंच खाल्ला असता तरी बांधलं गेलं असतं ते सहा ते बारा ग्रॅम. तेही लगेच नव्हे, जिवाणू मेल्यानंतर. दिवाळीपर्यंत तो वाफा रखडला.

मग नोव्हेंबरच्या थंडीत तो आपोआप सुधारू लागला. पाला निम्म्याहून जास्त बसला होता, जिवाणूंची भूक ओसरली होती, आणि त्यांच्या अंगात अडकलेलं नत्र परत मातीत येऊ लागलं होतं. काकूंचं म्हणणं, हा गुळाचा आणि पाकिटाचा परिणाम. माझं म्हणणं, नुसता पालाही एवढ्या काळात कुजून इथवर आला असता. आमच्यापैकी कुणालाच हे सिद्ध करता येणार नाही, कारण काहीही न घातलेला चौथा वाफा आम्ही ठेवलाच नव्हता. ही चूक माझी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी यासाठी गुण कापले असते.

चवळीच्या वाफ्यात ऑक्टोबरच्या मध्यावर, फुलं लागताच, झाडं जमिनीलगत कापली. मुळं आतच ठेवली, पाला तुकडे करून मातीवर पसरला, वर थोडी माती. काकूंना शेंगा न घेता चवळी कापायचं जिवावर आलं होतं. कडेची चार झाडं त्यांच्या आग्रहाखातर ठेवली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पालक आणि मेथी पेरली. डिसेंबरात तो वाफा पेंडीच्या वाफ्याच्या बरोबरीला आला.

जानेवारीत पुन्हा बश्या लावल्या, या वेळी तीन. गुळाच्या आणि चवळीच्या वाफ्यातल्या मातीवर साबुदाणा भरपूर. पेंडीच्या वाफ्यावर जेमतेम नऊ थेंब. काकू चक्रावल्या, सर्वांत चांगला पालक ज्या मातीत, तिथेच नत्र पकडणारे सर्वांत कमी कसे? कारण तिथे त्यांची गरजच नव्हती. अमोनिया तयार मिळाला की अझोटोबॅक्टर नायट्रोजिनेजची जनुकं बंद करतो. इतकं महाग काम उगाच कोण करेल? आणि नत्र मुबलक असलं की साखरेच्या शर्यतीत इतर जिवाणू त्याला मागे टाकतात. म्हणून भरपूर युरिया आणि अझोटोबॅक्टर एकाच वेळी देऊन नत्र बांधलं जाण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो.

बशीबद्दल दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. तिच्यात संख्या दिसते, काम दिसत नाही. जिवाणू मातीत असणं आणि त्यानं मातीत नत्र बांधणं, यांत फरक आहे. काम मोजायला अ‍ॅसिटिलीन वायू देऊन त्याचं इथिलीन किती झालं ते बघतात. नायट्रोजिनेज तेही करतं, हे १९६६ मध्ये लक्षात आलं. पण त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ हे वायू मोजणारं यंत्र लागतं, आणि गच्चीवर आमच्याकडे होत्या बश्या. दुसरी गोष्ट, ही बशी काळ्या, चुनखडीच्या मातीसाठी ठीक. कोकणातल्या किंवा मुळशीपलीकडच्या आंबट लाल मातीत अझोटोबॅक्टर सहसा दिसणार नाही. तिथे बायरिंकिया नावाचा त्याचा आम्ल सोसणारा भाऊबंद असू शकतो. त्याची पहिली ओळख १९३९ मध्ये बंगालच्या भातखाचरांतल्या मातीतून झाली.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. आवारात पुन्हा पाला पडतो आहे आणि काकूंनी तो ताणकाट्यावर तोलून पोत्यांत भरला आहे. या वेळी ३१ किलो. त्यात गेल्या वर्षीची वाफ्यातली माती आणि भिजवलेली पेंड त्या भरतानाच मिसळणार आहेत, आणि दोन महिने पेरायचं काहीच नाही, असं वहीत लिहून ठेवलं आहे. बाटली आणायची नाही असं मात्र त्यांनी ठरवलेलं नाही. बियाण्याला चोळण्यापुरतं एक पाकीट येणार आहे. विटा उरल्या होत्या, त्यांचा चौथा वाफा झाला. त्यात फक्त पाला आणि सासवडची माती, बाकी काही नाही. त्या मातीची पहिली बशी काल लावली, परवा उघडायची आहे.